‘कळलं का?’ असं विचारू नका

बसा, बसा. माइक जरा लांबच राहू दे, वॉर्डात ओरडून ओरडून हा आवाज झालाय.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘विविध भाषा व संस्कृतींतील नर्सिंग विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन’. हे नाव कुठल्या वॉर्डाच्या पाटीवर मावायचं नाही. मला एक तक्रार करायचीय, आणि ती शिकाऊ पोरींबद्दल नाही, त्यांना शिकवणाऱ्या आपल्याबद्दल आहे.

मिरजेला परभाषा नवी नाही. १८९४ साली मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी इथं रुग्णालय काढलं. आजही अथणी, चिकोडी, रायबागचा पेशंट मिरजेलाच येतो. येताना कन्नड बोलतो, केसपेपर मराठीत काढतो, बिल बघितलं की परत कन्नड.

तर, मी नाइटला होते. वॉर्डात केरळची एक पोरगी, दुसऱ्या वर्षाची. बेडवर कवठेमहांकाळकडच्या एक मावशी. मावशी म्हणाल्या, “बाई, जिवाला लई घाबरं हुतंय.” पोरगी हुशार, खिशात छोटी वही. वहीत लिहिलेलं, घाबरणे म्हणजे भीती. तिनं स्टूल ओढलं, मावशींचा हात धरला, “घाबरू नका, मी आहे.” नोंदही केली, ‘पेशंट घाबरली आहे, धीर दिला.’ मी राउंडला आले तर मावशींना दरदरून घाम, पदर ओला, नाडी हाताला लागेना. ईसीजी काढला, हार्ट अटॅक. मावशी वाचल्या हो! पुढं शेंगा घेऊन भेटायला आल्या होत्या.

सकाळी सगळ्यांनी त्या पोरीला फैलावर घेतलं. “भाषा येत नाही तर येता कशाला?” मीही त्यात होते. घाम बघायला भाषा लागत नाही, हे तिला सुनावलं आणि ते बरोबरच होतं. पण दोनच दिवसांपूर्वी मीच वर्गात सांगितलं होतं, “छातीत दुखतंय म्हणाले की लगेच कळवायचं. कळलं का?” सगळ्या एका सुरात, “येस सिस्टर!” मावशी छातीचं नावच काढत नव्हत्या. आमच्याकडं काळीज बिघडलं तरी ‘घाबरं हुतंय’ एवढंच म्हणतात, हे त्या पोरीला कुणी सांगितलं होतं?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे विषयाला आता सुरुवात करते.

‘कळलं का’ला उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी “आता तू काय करशील, सांग” म्हणा. तिच्या तोंडून ऐका. दुसरं, जी मार्क देते तिला पोरगी वेडगळ प्रश्न विचारत नाही. मार्गदर्शक वेगळी नेमा, परीक्षक वेगळी. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यांचं म्हणणं, मुरलेली नर्ससुद्धा अनोळखी पेशंटांत गेली की पुन्हा नवशिकी होऊ शकते. मग परमुलखातल्या पोरीचं काय?

आणि जतची पोरगी. घरी कन्नड, शाळा मराठी, पुस्तकं इंग्रजी. तिला आपण ‘वीक’ म्हणतो. अथणीची आजी आली की तिलाच हाक मारतो, “ये गं, विचार हिला, एल्लि नोवु?” म्हणजे कुठं दुखतंय. तेव्हा ती वीक नसते!

बरं, थांबते. त्या पोरीच्या वहीची झेरॉक्स आणलीय. ‘भीती’वर काट मारून तिनं पुढं लिहिलंय, ‘नाडी बघ, घाम बघ, सिस्टरला बोलाव.’ मागं पाठवा. तुमच्या गावचा एखादा शब्द असेल तर खाली लिहा. पेन लावलंय, ते मात्र परत द्या.