काकांची ग्रॅच्युइटी आणि २६चा भागाकार

नमस्कार मंडळी! ठाण्याच्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीवरच्या माझ्या व्हिडिओखाली निम्म्या लोकांनी एकच विचारलंय, "ते राहू दे, तुझ्या काकांना कंपनीने रिटायर होताना ग्रॅच्युइटी दिली किती?" ठाणेकर, थेट हिशोबावर!

वागळेचा इतिहास पटकन उरकतो. १ ऑगस्ट १९६२ला एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे आपलं वागळे. ठाण्यातली रेमंडची कापड गिरणी त्याच्याही आधीची, १९२५ची. माहितीये मला, कमेंटमध्ये ओरडू नका. आता वागळेत काचेच्या इमारती आहेत.

काका लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, टर्नर. ३४ वर्षं ७ महिने एकाच कंपनीत. २०१९ला रिटायर झाले. सेंड-ऑफला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. जन्मभर भोंग्यावर उठलेल्या माणसाला घड्याळ! असो.

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम. काकांच्या वेळी ती बेसिक (मूळ पगार) अधिक डीएवर (महागाई भत्ता) निघायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे चला. वर्षाला १५ दिवसांचा पगार. पण एका दिवसाचा पगार काढताना भागायचं २६ने. ३०ने नाही. सव्वीस!

का? रविवार सुट्टीचा. महिन्यात कामाचे दिवस २६ धरलेत, म्हणून.

"पंधरा दिवस म्हणजे अर्धा पगार ना दादा?" नाही हो! पंधरा भागिले सव्वीस, म्हणजे अर्ध्याहून जास्त. ही कमेंट मी आत्तापर्यंत चाळीस वेळा वाचली असेल.

अजून पटत नाही? काकांचाच कागद घ्या. बेसिक-डीए २६,०००. भागिले २६, दिवसाचे १,०००. पंधरा दिवसांचे १५,०००. गुणिले ३५. पस्तीसच, कारण शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांच्या वर झाले की पूर्ण वर्ष धरतात. झाले ५,२५,०००. ऑफिसने भागलं होतं ३०ने, हातात टेकवले ४,५५,०००. सत्तर हजार गायब!

काका म्हणाले, "जाऊ दे रे, साहेब चांगला होता." साहेब चांगला असेल हो, त्याचा कॅल्क्युलेटर नव्हता! मी त्यांना कागदपेन्सिल घेऊन परत पाठवलं. सही करण्याआधी हिशोबाची प्रत मागायला हवी होती, ते आमचं चुकलंच. दोन महिन्यांनी फरकाचा चेक आला.

आणि ते घड्याळ? सेल काढून ठेवलाय. काकू म्हणतात, टिकटिक ऐकली की हे अजून पहाटे पाचला डबा मागतात.