मेंढ्यांचा फोटो सगळेच काढतात

(बडोद्यातील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झाल्यापासून मला तीन फोन आले. तिघांनीही एकच विचारलं, "काका, गुजरातेत वाइनवर बोलणार? परमिट काढलंत का?" राज्य झाल्यापासून, म्हणजे 1960 पासून, इथे दारूबंदी आहे हे मला ठाऊक आहे. घाबरू नका. ज्या मळ्याबद्दल मी बोलणार आहे, तिथे मी प्यायलो तो द्राक्षाचा रस. वाइनच्याच द्राक्षांचा, पण न आंबवलेला. मळेवाले तोही बाटलीत भरून विकतात.

नोकरीची बरीच वर्षं मी नाशिककडे द्राक्षांवरचे रोग बघत काढली. भुरी, डाऊनी, करपा. त्यामुळे मळ्यात शिरलो की माझी नजर घडाकडे जात नाही, पानाच्या मागच्या बाजूला जाते. मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिने गाडीत घातलं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला अँडरसन खोऱ्यात नेलं. शेवटचा रस्ता इतका वळणाचा, की वेलीच्या आधी मला लिंबू आठवलं.

मळ्याचं नाव नवारो व्हाइनयार्ड्स. एका जोडप्याने मेंढ्यांच्या चराईची जमीन विकत घेतली, 1974 साली वाइनचं काम सुरू केलं, पुढे मुलं त्यात आली. त्यांचं खास द्राक्ष गेवुर्ट्झट्रामिनर. हे नाव नीट उच्चारायचं तर कवळी हातात घ्यावी लागते, म्हणून एकदाच घेतो. दुसरं पिनो न्वार. दोन्ही थंडीतली द्राक्षं.

थंडी येते कुठून? समुद्रातून. उन्हाळ्यात तिथे वारा किनाऱ्याच्या कडेकडेने दक्षिणेला वाहतो, पृष्ठभागावरचं पाणी बाहेर लोटलं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. त्या पाण्यावर धुकं धरतं. आतली जमीन तापली की तिथली हवा वर चढते, आणि मोकळी झालेली जागा भरायला हे धुकं नवारो नदीच्या वाटेने खोऱ्यात शिरतं. जुलैत पहाटे मी स्वेटर घातला होता, दुपारी टोपी शोधत होतो. याचा द्राक्षाला फायदा असा, की मणी रात्रीही श्वास घेतो आणि त्यात मॅलिक आम्ल खर्ची पडतं. रात्र गरम असेल तर आंबटपणा उडून जातो, गार असेल तर शिल्लक राहतो. साखर मात्र दिवसा भरतच असते. म्हणून त्या रसाची गोडी जिभेवर रेंगाळत नाही, शेवटी चटका देऊन जाते.

आता मेंढ्या. वेलींच्या ओळींमधून बुटक्या, गुबगुबीत मेंढ्या गवत खात फिरतात. जात बेबीडॉल साउथडाउन, खांद्यापर्यंतची उंची जेमतेम दोन फूट. तोंड घडापर्यंत पोचतच नाही. तण खातात, लेंडीखत टाकतात, तणनाशकाचा खर्च वाचवतात. पर्यटक गुडघे टेकून फोटो काढत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, हे नाशिकला का करत नाहीत?"

तिला म्हटलं, मोरचूद. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की डाऊनी आलीच, आणि मग बोर्डो मिश्रण मारावं लागतं. त्यात मोरचूद, म्हणजे तांबं. मेंढीला तांबं सोसत नाही, ते यकृतात साठतं आणि जनावर मरतं. कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा, तिथे डाऊनीचा त्रास जवळजवळ नाही. भुरी आहे, पण तिच्यावर गंधक मारलं तरी भागतं. म्हणजे मालकाच्या निसर्गप्रेमाइतकंच श्रेय पावसाच्या वेळापत्रकाचं आहे. नाशिकच्या शेतकऱ्याला कोणी या मेंढ्यांचे फोटो दाखवून शहाणपण शिकवू लागलं, की मला राग येतो.

खरी परीक्षा मेंढ्यांत नाही, पाण्यात आहे. वसंतात वेलीला कोवळे डोळे, म्हणजे अंकुर, फुटतात आणि नेमकं तेव्हाच तिथे रात्री दहिवर गोठतं. एका रात्रीत वर्षाचं पीक जातं. उपाय ऐकून माझ्या शेजारचा माणूस हसला होता: वेलीवर पाणी मारायचं! पाणी गोठताना दर ग्रॅमला 80 कॅलरी उष्णता सोडतं. बर्फाच्या कवचात डोळा शून्य अंशाच्या आसपास राहतो, त्याच्या फार खाली जात नाही. पण फवारे थांबले की संपलं. सकाळी बर्फ वितळेपर्यंत ते चालूच ठेवायचे.

आणि थंडी सगळ्यांना एकाच रात्री वाजते. 2008 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या रशियन नदीच्या खोऱ्यात तेच झालं. मळ्यांनी एकदम पंप सुरू केले, ओढ्यांची पातळी झपकन उतरली आणि सामन जातीच्या माशांची पिल्लं दगडांत अडकून मेली. नवारो नदीतही कोहो सामन आहे, त्या किनाऱ्यावर तो संकटग्रस्त जातींत मोडतो. एकट्या मळ्याने पाणी उपसलं असतं तर कदाचित काहीच बिघडलं नसतं. पुढे 2011 मध्ये रशियन नदीच्या खोऱ्यात दहिवरापासून वाचण्यासाठी होणाऱ्या पाणी-उपशाला नियम आले. जाणते मळेवाले काय करतात, तर हिवाळ्यातल्या पावसाचं पाणी आधीच साठवून ठेवतात आणि वसंतात तेच फवारतात. आपलं शेततळंच की! रस्त्याच्या कडेला असं एक तळं दिसलं. शेवाळलेलं, कुंपणाआड, काठावर एक जुना पंप. त्याचा फोटो कोणी काढत नव्हतं. मी दोन काढले.

आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत आणि 2024 च्या पुरात त्या सोसायट्यांच्या दारात आल्या, तेव्हा आपण मगरींचेच फोटो काढले. नदीच्या पात्रात आपण काय भरलं, याचे फारसे कोणी काढले नाहीत. असो, तो वेगळा विषय आणि वेळ संपत आली.

रसाची एक बाटली मी घरी आणली. शेजारच्या आजींना द्यायला गेलो. बाटलीचा आकार बघून त्यांनी आधी मला आत ओढलं, दार लावून घेतलं, खिडकीचा पडदा सारला. मग दोन पेले प्यायल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा तर रसच आहे. आधी सांगायचं नाही का?"