सालीखालचा वाघ

डिसेंबर. पिंपळगाव बसवंतच्या शिवारातली द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतरचे मणी आता हरभऱ्याएवढे झालेत. ड्रोन वर नेला तर नजर पोहोचेल तिथवर हिरवे मांडव दिसतील. पण आज आपल्याला वर जायचंच नाही. कॅमेरा या एका खोडाशी टेकवू.

सुटलेली साल नखानं उचला. आत कापूस चिकटल्यासारखं काहीतरी आहे. हा मिलीबग, पुस्तकातलं नाव पिठ्या ढेकूण. हे पीठ म्हणजे त्याच्या अंगातून पाझरलेलं मेण. फवारलेलं औषध त्यावरून ओघळून जातं, म्हणून तर बागाईतदार याच्या नावानं कपाळाला हात लावतात. कापसाच्या पुंजक्यात मादीची शेकडो अंडी असतात. मादीला पंख नाहीत. नराला आहेत, पण खायला तोंडच नाही! मोजके दिवस मिळतात, त्यात जोडीदारीण शोधायची आणि संपायचं.

आता ही मुंग्यांची रांग पाहा. खोडावरून थेट ओलांड्यावर, म्हणजे तारेवर आडव्या पसरलेल्या फांदीवर. मिलीबग वेलीचा रस पितो आणि जास्तीची साखर मागून टाकून देतो. मुंगी मिशांनी त्याची पाठ थोपटते, म्हशीला पान्हवावं तशी, आणि एक चकाकता थेंब बाहेर येतो. मुंगी तो पिऊन टाकते. जो प्यायचा राहतो तो घडावर सांडतो, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते, आणि मग त्या मालाला व्यापारी हात लावत नाही. या थेंबांच्या बदल्यात मुंग्या राखण करतात. मिलीबग खायला कुणी आलं, की चावून पळवून लावतात.

मग हा कोण? कळपात एक गडी भलताच मोठा आहे. सेंटिमीटरभर लांब, अंगावर मेणाच्या पांढऱ्या झिपऱ्या. मिलीबगचा आजोबाच म्हणा! चिरडायला बोट आपोआप पुढे जातं.

थांबा. तोंडाशी बघा. तो अंड्यांचा पुंजका खातोय.

ही क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव आपण गोष्टीत ऐकलंय. इथे वाघानंच शेळीचं कातडं पांघरलंय. मुंगी आली, मिशांनी चाचपलं, पुढे गेली. राखणदार फसला!

मोठेपणी हिचा चार मिलिमीटरचा काळपट भुंगेरा होईल, पुढून-मागून नारिंगी. मूळ गाव ऑस्ट्रेलिया. भारतात आणला १८९८ साली, दक्षिणेतल्या कॉफीच्या किडींसाठी. आता प्रयोगशाळेत याची पैदास करतात, आणि तीही कशावर? लाल भोपळ्यावर. आधी भोपळ्यावर मिलीबग पाळायचे, मग त्यांच्यावर हे भुंगेरे सोडायचे.

ओळीच्या टोकाला औषध फवारणारा ब्लोअर सुरू झालाय. सालीआड, मेणाखाली दडलेला मिलीबग औषधातून बऱ्याचदा वाचतो. उघड्यावर शिकार करत फिरणारी अळी मात्र फवाऱ्यात सापडते.

आपली अळी फटीत शिरली. एक पांढरी झिपरी तेवढी बाहेर राहिलीय.