पिस्टनखालची धार: ऑइल जेटची सफाई आणि बदली

(दृश्य: स्टँडवर उलटा केलेला चार सिलिंडरचा डिझेल ब्लॉक. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, काढलेला आहे.)

प्रत्येक सिलिंडरच्या खालच्या तोंडाशी, मेन बेअरिंगच्या भिंतीला लागून एक बारीक वाकडी नळी दिसते. हा ऑइल जेट. इंजिन बांधायला घेतलं की बोअर मोजले जातात, क्रँकचे जर्नल मोजले जातात, हेडचा लेव्हल बघितला जातो. या नळीवरून मात्र फडकं फिरतं आणि ती तशीच परत बसते. बाहेरून ती चकचकीत दिसते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

(दृश्य: उभा कापलेला पिस्टन, जवळून.)

तिचं काम या कापलेल्या पिस्टनमध्ये नीट कळतं. वरच्या रिंगच्या मागे, डोक्याच्या आत, गोल फिरलेली एक पोकळी आहे. खाली एका बाजूला ऑइल आत जायचं भोक आणि समोरच्या बाजूला बाहेर पडायचं. जेटची धार बरोबर या आत जायच्या भोकात घुसली पाहिजे. ऑइल पोकळीत घुसळतं, डोक्याची उष्णता उचलतं आणि पलीकडून खाली पडतं. साध्या पिस्टनला अशी पोकळी नसते. तिथे धार थेट डोक्याच्या खालच्या बाजूवर आपटते. पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या गजन पिनलाही त्यातलंच ऑइल मिळतं.

पिस्टन वर जातो तेव्हा हे भोक जेटपासून स्ट्रोकभर लांब जातं, आणि तरीही धार तिथे पोहोचायला हवी. १०० मि.मी. अंतरावर दोन अंशांचा फरक पडला तर धार साडेतीन मि.मी. बाजूला सरकते. म्हणजे जेट नुसता उघडा असून भागत नाही. धार सरळ, एकसंध आणि नेमकी हवी.

(दृश्य: सुटा जेट हातात. बॉल आणि स्प्रिंग.)

जेटच्या बुडात किंवा त्याच्या पोकळ बोल्टमध्ये बहुतेक वेळा चेक व्हॉल्व्ह असतो: एक छोटा बॉल आणि त्यामागे स्प्रिंग. इंजिनाप्रमाणे साधारण दीड ते अडीच बार दाबाला तो उघडतो. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचा दाब कमी असतो. त्या वेळी ऑइल बेअरिंगला मिळावं, जेटमधून वाया जाऊ नये, यासाठी ही सोय. बॉलखाली कचरा अडकून व्हॉल्व्ह उघडा राहिला तर गरम आयडलला दाब उतरतो, आणि दोष नव्या ऑइल पंपावर जातो. व्हॉल्व्ह बंद अडकला किंवा तोंड चोंदलं तर पिस्टन तापतो, रिंगा खाचेत चिकटतात, पिस्टन लायनरला घासून सीझ होतो.

(दृश्य: पाना लावून जेट सोडवणं.)

जेट काढायची वेळ ठरलेली आहे: बोअरिंग, होनिंग (बोअर दगडानं घासणं) आणि ब्लॉकच्या धुलाईच्या आधी. जेट जागेवर ठेवून होनिंग केलं की दगडाची भुकटी थेट त्याच्या तोंडात बसते. कॉस्टिकच्या गरम टाकीत अल्युमिनियमच्या अंगाचा जेट खराब होतो. काढताना नळीला धरून पिळू नका, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. ती वाकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पोकळ बोल्ट आतून पातळ असतो, घट्ट असेल तर आधी भिजवून मग सोडवा. प्रत्येक जेटला सिलिंडरचा नंबर बांधा, कारण काही इंजिनांत डावे-उजवे जेट वेगळे असतात.

काही ब्लॉकमध्ये जेट ठोकून बसवलेले असतात. ते बाहेर काढले की बहुधा बाद होतात, त्यामुळे नवा सेट हाताशी असल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

(दृश्य: पांढऱ्या ट्रेमध्ये तिसऱ्या सिलिंडरचा जेट. भिंगातून.)

हा जेट बाहेरून इतर तिघांसारखाच होता. आतून निघालेला हा तुकडा बघा: रबरासारखा मऊ, एका बाजूला सपाट. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, बसवताना लावलेला सिलिकॉन सीलंट आहे हा. जोडावर जाड थर लावला की बोल्ट आवळताना तो आत दाबला जातो, सुकून सुटतो आणि ऑइलसोबत फिरतो. ऑइल फिल्टर आहे ना, असं म्हणतात; पण थंडीत घट्ट ऑइलमुळे किंवा फिल्टर चोंदल्यावर बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेत जातं. सीलंटखेरीज या भोकांत सापडतो तो गाळाचा कार्बन, बेअरिंगचे कण, खरवडलेल्या गॅस्केटचा चुरा, बीड ब्लास्टिंगची (काचेचे मणी मारून केलेल्या सफाईची) काच आणि फडक्याचे धागे.

(दृश्य: सफाई.)

सफाईत हमखास होणारी चूक म्हणजे एअर गन जेटच्या तोंडाला लावणं. उलट्या बाजूनं हवा मारली की बॉल आपल्या सीटवर आणखी घट्ट बसतो आणि त्याच्या मागचा कचरा तिथेच राहतो. आधी जेट कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा. अल्ट्रासोनिक टाकी असेल तर उत्तम. मग ऑइल शिरतं त्या बाजूनं बारीक पितळी तार घालून बॉल हळूच दाबा. तो मोकळेपणानं आत जाऊन स्प्रिंगनं परत आला पाहिजे. बॉल दाबून धरूनच दोन्ही बाजूंनी सॉल्व्हंट आणि मग हवा मारा. डोळ्यांवर गॉगल हवाच.

तोंडाचं भोक बहुतेक इंजिनांत एक ते दोन मि.मी.चं असतं. त्यात त्याहून बारीक पितळी किंवा तांब्याची तारच घालायची. ड्रिल बिट फिरवून भोक साफ केलं की कडेला ओरखडा पडतो, धार फाटते, भोक मोठं झालं तर गॅलरीतला दाबही उतरतो. मॅन्युअलमध्ये मापासाठी बिट घालायला सांगितलं असेल तर ते न फिरवता, हातानं.

जेट साफ करून गॅलरी तशीच ठेवली तर पहिल्याच स्टार्टला सगळी मेहनत वाया जाते. गॅलरीचे प्लग काढा, लांब ब्रश आरपार घाला, गरम साबणाच्या पाण्यानं धुवा, हवेनं वाळवा आणि लगेच ऑइल फिरवा. आधीचं बेअरिंग गेलेलं असेल तर ऑइल कूलरही बदला. त्याच्या पात्यांत अडकलेले कण धुऊन खात्रीनं निघत नाहीत.

(दृश्य: टेबलावर दाब गेज, छोटा पंप आणि चार जेट ओळीनं.)

आता या पूर्ण कामाचा निकाल: जेटची चाचणी. त्यासाठी रॉकेल न वापरता कोमट, पातळ ऑइल घ्या. गरम इंजिनात जेटमधून जातं त्याच्या ते जवळचं आहे. दाब हळूहळू वाढवा. पहिला जेट: ठरलेल्या दाबाला उघडला, धार काडीसारखी सरळ. दुसरा तसाच. तिसऱ्याची धार तोंडाशीच फुटून पंख्यासारखी पसरते आहे. भिजवून झालं, तार घालून झाली, तरी हीच गत. म्हणजे तोंडाची कड गेली. हा जेट बाद. चौथा दाब सोडल्यावरही ठिबकतो. बॉल सीटवर बसत नाही, तोही बाद.

एकूण खर्चात जेट ही किरकोळ गोष्ट आहे. चारातले दोन बाद निघाले तर चारही बदलावेत. बेअरिंग फुटलेल्या इंजिनाचे जेट तर चाचणी न करताच टाकून द्यावेत.

(दृश्य: नवे जेट बसवणं.)

नवा जेट बसवायच्या आधी त्याचा पार्ट नंबर आणि नळीचा वाक जुन्याशी जुळवून पाहा. बसायची जागा स्वच्छ, तांब्याचे वॉशर नवे. दिशा ठरवणारी पिन तिच्या भोकात बसली की नाही ते बोटानं चाचपा. बोल्ट लहान असतो, एम ६ आकाराला साधारण १० न्यूटन मीटर. नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या आणि टॉर्क रेंचनंच आवळा. थ्रेड लॉक (आटे पकडून ठेवणारा गोंद) मॅन्युअलनं सांगितलं असेल तरच, एक थेंब, पोकळ बोल्टच्या भोकापासून लांब.

पिस्टनच्या स्कर्टला, म्हणजे खालच्या घेराला, एका बाजूला खाच असते, ती जेटच्या बाजूला आली पाहिजे. पिस्टन उलटा बसला तर खाली येताना जेटवर आपटतो. क्रँक आणि रॉड बसल्यावर हातानं दोन पूर्ण फेरे द्या. क्रँकचं वजन (वेट) किंवा रॉड नळीच्या कुठे जवळून जातो ते टॉर्च लावून बघा.

(दृश्य: चेंबर उघडा, गॅलरीला पंप जोडलेला.)

चेंबर लावण्याआधी बाहेरच्या पंपानं गॅलरीत ऑइल भरा. चारही जेट एकदम उघडायला हवेत. क्रँक फिरवत प्रत्येक धार पिस्टनच्या भोकात जाते का ते खालून पाहा. एखादी बाजूला जात असेल तर नळी वाकवून जुळवू नका, जेट काढून पिन आणि बसायची जागा पुन्हा तपासा. चेंबरला सीलंट लावताना पातळ रेघ पुरते. इंजिन पहिल्यांदा चाललं की ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उलगडून बघा.