सात ओळींचा तक्ता

[दृश्य : रात्र. मोसंबीची बाग. विहिरीजवळच्या पत्र्याच्या पेटीवर हिरवा दिवा लागतो.]

पैठण तालुक्यातल्या या बागेत रात्री लाईन आली की मोटार आपोआप सुरू होते; बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत जाण्याची गरज राहत नाही. हे काम पेटीतल्या मोबाईल स्टार्टरमधला, म्हणजे मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या यंत्रातला, एक छोटा प्रोग्राम करतो. लाईन आल्यावर मोटार आपोआप सुरू करायची का, पाणी संपल्यावर ती थांबवायची का, विजेच्या तीनपैकी दोनच फेज असल्या तरी चालवायची का, अशी एकूण दहा सेटिंग शेतकरी आपल्या सोयीने चालू किंवा बंद ठेवतो.

[दृश्य : वाळूज औद्योगिक वसाहत. टेस्ट बेंच, पाण्याची टाकी, ओळीने मांडलेले स्टार्टर.]

दहा सेटिंग आणि प्रत्येकीच्या दोन अवस्था, म्हणजे एकाच प्रोग्रामची १०२४ रूपे. टाकी भरायची, रिकामी करायची, लाईन तोडून पुन्हा जोडायची, या सगळ्यासह एका चाचणीला इथे पाऊण तास लागतो. सगळी रूपे तपासायची म्हटले, तर रोज आठ तास काम करूनही ९६ दिवस जातील, आणि तोवर प्रोग्राम बदललेला असेल. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात तर असे दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत.

[दृश्य : फळ्यावर तक्ता आखणारा हात. जवळून.]

फळ्यावर आखला जाणारा हा तक्ता नीट पाहावा, कारण या कारखान्यातले सर्वांत मोलाचे काम इथेच होते, जरी पाहुण्यांना दाखवले जाते ते रंगवलेल्या पेट्यांचे दालन. बिघाड बहुधा एकट्या सेटिंगमध्ये नसतो, तो दोन सेटिंगच्या गाठीत असतो. विहीर आटल्यावर मोटार थांबवणारी सोय एकटी तपासली तर बिनचूक चालते, आणि लाईन आल्यावर मोटार सुरू करणारी सोयही तशीच. पण मोटार पाण्याअभावी थांबलेली असताना लाईन गेली आणि परत आली, तर ‘पाणी नाही’ ही नोंद पुसली जाऊन मोटार कोरडीच फिरू लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुतेक बिघाडांमागे एक किंवा दोनच घटक आढळले, आणि सहांपेक्षा अधिक घटक लागावेत असा एकही बिघाड त्यांना सापडला नाही.

म्हणून सगळी रूपे न तपासता सगळ्या जोड्या तपासायच्या. दहा सेटिंगच्या जोड्या ४५, आणि प्रत्येक जोडीच्या अवस्था चार, म्हणजे एकूण १८०. तक्त्याची एक ओळ म्हणजे एक चाचणी; तीत त्यांपैकी ४५ एकदम पाहून होतात, आणि ओळी नेमक्या निवडल्या तर सहा चाचण्यांत १८० पूर्ण होतात. या मांडणीच्या मुळाशी असलेले गणित भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात प्रयोगांच्या आखणीसाठी विकसित केले. प्रयोगांच्या आखणीचे ते शास्त्र वाढले शेतीच्या वाफ्यांमध्ये. ते फिरून मोटारीच्या पेटीत आले, याचे इथे कुणाला फारसे नवल वाटत नाही.

[दृश्य : तक्त्यातली एक ओळ पुसली जाते, तिच्या जागी दोन लिहिल्या जातात.]

इथे मात्र एक अडचण आहे. उलट्या फेजची राखण, म्हणजे फेजचा क्रम उलटला तर मोटार न चालू देणारी सोय, तिन्ही फेज असल्याशिवाय होत नाही, त्यामुळे ती आणि दोन फेजवर चालण्याची सोय एकत्र चालू राहू शकत नाहीत. या अटीमुळे रूपे ७६८ उरतात, पण ज्या ओळीत या दोन्ही सोयी चालू होत्या ती फोडावी लागते आणि सहाच्या सात ओळी होतात. वेळ लागतो सव्वापाच तास.

आता प्रश्न क्रमाचा. दुपारी लाईन जाईल हे गृहीत धरूनच सकाळ आखली जाते, त्यामुळे जी चाचणी बिघाड लवकर दाखवील ती आधी घ्यावी लागते. जोड्यांच्या मोजणीत सातही ओळी जवळजवळ सारख्याच भरतात, म्हणजे नुसत्या आकड्यांवरून क्रम ठरत नाही. प्रोग्रामचा जो भाग काल बदलला त्याला स्पर्श करणारी ओळ पहिली. जिच्यात पूर्वी बिघाड सापडला ती दुसरी. मग शेतकरी सर्वाधिक वापरतात त्या सेटिंगच्या ओळी. हा क्रम बेंचवर बसणारी अभियंता मुलगी ठरवते. पेटीवर तिचे नाव नसते.

[दृश्य : जळालेल्या मोटारीची काळी वाइंडिंग.]

मागच्या वर्षी हा क्रम पाळला गेला नाही, आणि काही मोटारी रिवाइंडिंगला गेल्या.

[दृश्य : बेंच. टाकी रिकामी होत आहे. लाईन तोडली जाते, पुन्हा जोडली जाते.]

पहिली ओळ सुरू आहे. टाकीत पाणी नाही, लाईन परत आली आहे, आणि दिवा लालच आहे.