गुरुजींची पद्मिनी आणि हरवलेले घोडे

(सांगली. विश्रामबागमधलं एक गॅरेज. बॉनेट उघडं, आत वाकलेले दोघं, बाजूला आमचा कॅमेरा.)

गाडी सुरू होते. चालते. धूरही फार सोडत नाही. तक्रार एवढीच, की चौघांना घेऊन कासची फुलं बघायला निघालेली ही प्रीमियर पद्मिनी यवतेश्वरच्या घाटात पहिल्या गिअरवर आली आणि मागून एसटी हॉर्न मारत राहिली. मालक निवृत्त शिक्षक. त्या एसटीचा विषय ते अजून काढतात. गॅरेजात आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "मिस्त्री, घोडे वाढवा."

"वाढवू की गुरुजी. पण आधी हायेत किती ते तरी बघू."

ही गाडी तशी सांगलीच्या नात्यातलीच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि त्याच वालचंदांचं नाव विश्रामबागच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. मूळची इटलीची फियाट ११००. ती मुंबईत कुर्ल्याला बनू लागली आणि पुढं पद्मिनी झाली. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी), ७५ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे १०८९ सीसी. ताकद साधारण ४० घोडे.

एक घोडा, म्हणजे एक हॉर्सपॉवर, किती? सिमेंटचं दीड पोतं, ७५ किलो, एका सेकंदात एक मीटर वर उचलायचं. आता गुरुजींचा घाट मांडू. गाडी आणि चार माणसं मिळून १२०० किलो. बाराला एक असा चढ, वेग ताशी ३०. नुसतं वर उचलण्यातच ११ घोडे लागतात. टायर, वारा, गिअरबॉक्स यांचं वेगळं. शिवाय कंपनीचे ४० समुद्रसपाटीचे. वर हवा विरळ होते आणि हजार मीटरला साधारण दहावा हिस्सा ताकद जाते. कासचं पठार १२०० मीटरच्या आसपास, म्हणजे कोरी गाडीसुद्धा तिथं पस्तिसावरच. पण पस्तिसात हा घाट दुसऱ्या गिअरवर निघायला हवा. निघाला नाही, याचा अर्थ बरेच घोडे वाटेतच कुठंतरी सुटलेत.

(प्लगच्या जागी सिलिंडरमधला दाब मोजणारं कंप्रेशन गेज. स्टार्टरचा आवाज.)

पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर: काटा १२० पीएसआयच्या जवळ. तिसरा ८५. मिस्त्रींनी तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारला. ऑइलनं काटा चढला असता, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं समजायचं. काटा हलला नाही. म्हणजे दाब व्हॉल्व्हमधून निसटतोय. गेजच्या दोन-तीन हजार रुपयांत एवढं कळतं, पण आपल्याकडं अजूनही आवाज ऐकून हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलायचीच पद्धत जास्त.

हेड उतरलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूनं जळालेली. नवा व्हॉल्व्ह आला, तो टेकतो ती सीट कापली आणि बाकीचे व्हॉल्व्ह पेस्ट लावून हातानं घासले. कड सगळीकडून सारखी राखाडी दिसेपर्यंत. या कामाला दुपार गेली आणि आम्ही ती जवळजवळ सगळी चित्रित केली, कारण सगळ्यात जास्त ताकद इथंच परत आली.

मग बाकीची चोरी. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोच्या आतली वजनं गंजून अडकलेली. वेग वाढला तरी ठिणगी पुढं सरकत नव्हती. पॉइंट झिजलेले. जॅकवर उचलून मागचं चाक हातानं फिरवलं, तर अर्धा फेरा मारून थांबलं. ब्रेक चिकटलेला. इंजिन बिचारं इतके महिने ब्रेकशी भांडत होतं.

पेट्रोलचं प्रकरण मात्र इथल्या मातीतलं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि उसापासून इथेनॉल काढणारे कारखाने याच कृष्णाकाठी आहेत. एक किलो पेट्रोल जळायला पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला काय कळणार? त्याचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, जुन्या पेट्रोलच्या मापाचं. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, ओढ कमी होते. मेन जेट एक माप मोठं घातलं. जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदाही बदलला, कारण इथेनॉल तसलं रबर खातं.

पण याच पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे दाब सोसायची कुवत, ९५ आहे. पद्मिनी आली तेव्हाचं पेट्रोल हलक्या प्रतीचं. सिलिंडरमध्ये जास्त दाबलं तर इंजिन टकटक करायचं, म्हणून कंप्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबायचं ते) आठाच्याही खाली ठेवलेला. आज तो वाढवता येतो. हेड मशीनवर थोडं तासायचं, बस. गुरुजींचा चेहरा खुलला. मिस्त्रींनी हिशेब सांगितला: रेशो एकानं वाढला तर तीन-चार टक्के.

"म्हणजे?"

"दीड घोडा."

तरी तासलं. हेड वाकडं होतं, ते सपाट करायचंच होतं. रिबोअरला, म्हणजे सिलिंडर कापून रुंद करायला, मात्र नकार. अर्धा मिलिमीटर बोअर वाढवून सोळा सीसी मिळतात, आणि इथं सिलिंडर चांगले असताना ते कापायचे कशाला? गुरुजींच्या पुतण्यानं दुसरंच, जास्त ताकदीचं इंजिन बसवायची कल्पना काढली होती. त्याला आरटीओची परवानगी लागते आणि चारही चाकांना ड्रम ब्रेकच आहेत, ते जास्त ताकद आवरणार कशी, एवढं ऐकून तो गप्प झाला.

(सांगलीवाडीच्या पुढचा मोकळा रस्ता. मोबाईलवर स्टॉपवॉच.)

इथं ताकद मोजायचं यंत्र, डायनो, नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ६० ला यायला काम सुरू करण्याआधी १९ सेकंद लागले होते. आता १३. रस्ता तोच, माणसं तीच, वारा जवळपास तसाच.

पुढच्या रविवारी सातारा. समर्थ मंदिर मागं पडलं, चढ लागला. गुरुजींनी दुसरा टाकला आणि गिअरच्या दांड्यावरचा हात काढून घेतला. वळणं आली, गेली. मधल्या सपाट तुकड्यात तिसराही पडला. पाण्याचा काटा मध्यावरच.

वरच्या वळणाला पुढं एसटी होती. गुरुजींनी हॉर्न मारला.