तारण काय देणार?

नमस्कार, श्रोतेहो.

उन्हाळा लागला की मिरची कांडपासमोर रांग लागते. ती रांग पाहून कांडपवालीच्या मनात येतं, नुसती लोकांची मिरची कांडण्यापेक्षा आपलाच मसाला का विकू नये? ब्याडगी हंगामातच भरून ठेवायची, वर्षभर मसाला करायचा. समजा, त्याला दोन लाख लागतात. बँकेत पहिलाच प्रश्न येतो, "तारण काय देणार?" सातबारा सासऱ्यांच्या नावावर, दागिने आधीच गहाण. धंदा चालेल का, हे कुणी विचारतच नाही.

विकास बँकेचं, म्हणजे उद्योग उभे राहावेत म्हणून काढलेल्या बँकेचं, खरं काम इथंच आहे. आपल्याकडं या बँका आधी मोठ्या उद्योगांसाठी निघाल्या. 1948 मध्ये आयएफसीआय, 1964 मध्ये आयडीबीआय. कारखाने उभे राहिले, कांडपवाली राहिली तिथंच. लहान उद्योगांसाठी सिडबी निघाली ती 1990 मध्ये, लखनौला. आपल्या बाईला लखनौ गाठायची गरज नाही. सिडबी गावच्या बँकेला मागून पैसा पुरवते. शिवाय 2000 मध्ये केंद्र सरकार आणि सिडबीनं मिळून तारणाशिवाय दिलेल्या कर्जाच्या हमीसाठी एक ट्रस्ट काढला. कर्ज बुडालं तर थकलेल्या रकमेचा मोठा हिस्सा हा ट्रस्ट बँकेला भरून देतो.

मला विचाराल तर स्वस्त व्याजापेक्षा ही हमी मोलाची. सावकाराकडून महिना शेकडा तीननं उचलणारी बाई बँकेच्या टक्का-दोन टक्क्यांनी अडत नाही, ती तारणापाशी अडते. हमी असूनही काही साहेब तारण मागतातच, हेही खरं. हमीचे पैसे मिळवायचे तर आधी खातं थकीत ठरवा, नोटीस काढा; 2023 पर्यंत तर अशा लहान कर्जालाही दावा लावावा लागायचा. त्यापेक्षा "नंतर या" म्हणणं सोपं.

बरं, कर्ज मिळालं, मसाला विकला, पण बिल? लहान उद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे. तरी पैसे अडकतात. त्यावर सिडबी आणि राष्ट्रीय शेअर बाजारानं मिळून एक ऑनलाइन मंच काढला, 2017 पासून तो चालू आहे. मोठ्या कंपनीनं मान्य केलेलं बिल तिथं बँका बोली लावून घेतात आणि पुरवठादाराला पैसे लगेच मिळतात. आपल्या मसालेवालीचं बिल मात्र हायवेवरच्या ढाब्यावर अडकलंय, आणि ढाबेवाला काही त्या मंचावर नाही.

नमस्कार.